गार्व्हीचं भूत आणि रेडिओ दुरुस्त करणारा माणूस

इतिहास फक्त पुस्तकात असतो असं कुणी सांगितलं? जमैकाचा इतिहास मी तबकड्यांतून शिकलो.

ब्रिटिशांनी तिथली गुलामी १८३४ साली कायद्यानं मोडली, पण उमेदवारीच्या नावाखाली माणसं १८३८पर्यंत जुंपूनच ठेवली. त्याच बेटावर, सेंट अॅन परगण्यात, १८८७ला मार्कस गार्व्ही जन्मला. छापखान्यात काम शिकलेला माणूस. काळ्यांनी ताठ उभं राहावं म्हणून १९१४ला त्यानं संघटना काढली. १९४०ला लंडनमध्ये वारला.

विन्स्टन रॉडनी, म्हंजे बर्निंग स्पिअर, त्याच परगण्यातला. १९७५ला निर्माता जॅक रुबीसोबत त्यानं ‘मार्कस गार्व्ही’ आल्बम केला. हा गडी ओरडत नाय. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यानं पिढ्यांचा हिशोब मागावा तसं गातो. आयलंड कंपनीनं गोऱ्या गिऱ्हाइकाच्या कानाला सोसावं म्हणून त्याचं मिक्सिंगच बदललं. रॉडनीला ते पटलं नाही, त्यानं ‘स्पिअर’ हे स्वतःचं लेबल काढलं. आमची भाषा ‘शुद्ध’ करून छापणारे संपादक आपल्यालाही ठाऊक आहेत.

१९७६ला याच गाण्यांचं डब आलं, ‘गार्व्हीज घोस्ट’. डब म्हंजे गाण्याची टेप घेऊन गाणाऱ्याचे शब्द काढायचे, ड्रम आणि बेस पुढं आणायचा, राहिलेला एखादा शब्द घुमवत सोडून द्यायचा. गुलामांची नावं गेली, भाषा गेली, ठोका राहिला. मला डबमध्ये तेच ऐकू येतं.

पण ‘घोस्ट’पेक्षा मला किंग टबी मोठा वाटतो. ऑस्बर्न रडॉक त्याचं नाव. रेडिओ, अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीत घरातच स्टुडिओ, न्हाणीघरात गायकाचा आवाज टेपवर घ्यायची सोय. चार ट्रॅकचं कन्सोल डायनॅमिक साउंड्सकडून घेतलेलं जुनं. त्याची बटणं फिरवत यानं ते वाद्यासारखं वाजवलं! साच्यावर उभा राहणाऱ्या माझ्यासारख्याला हे लगेच कळतं. मशीन कुणाच्याही मालकीचं असो, त्याचा जीव हात चालवणाऱ्यालाच माहीत. १९८९ला टबीला घराबाहेर गोळी घालून मारलं.

सुरुवात १९७६च्या ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’पासून करा. ऑगस्टस पाब्लोची तोंडानं फुंकायची मेलोडिका, खाली टबीचा हात. मोबाइलवर मात्र ऐकू नका, त्यात बेस येतच नाय. कुणाकडून तरी मोठा स्पीकर मागून आणा.