टिळकांच्या लॉ क्लासपासून सीईटीपर्यंत

बी.ए., बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची मुलं परीक्षेच्या अभ्यासाबरोबरच लॉ सीईटीचा क्लास लावतात. या क्लासचा माग काढत गेलं की गाठ पडते ती लोकमान्य टिळकांशी.

टिळक 1879 मध्ये एलएल.बी. झाले, पण वकिलीत शिरले नाहीत. 1890 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर पोटापाण्यासाठी त्यांना आधार झाला तो पुण्यात त्यांनी चालवलेल्या लॉ क्लासचा. मुंबई इलाख्यातला तो या प्रकारचा पहिला वर्ग मानतात. हायकोर्ट वकिलीची किंवा जिल्हा वकिलीची परीक्षा पास झालं की तेव्हा सनद मिळे. त्या परीक्षेची तयारी इथे होई. साताऱ्याचे तरुण वकील न. चिं. केळकर 1896 मध्ये पुण्याला आले, ते या क्लासात शिकवायला आणि 'मराठा' या टिळकांच्या इंग्रजी साप्ताहिकाला हातभार लावायला.

1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने वकिलांच्या निरनिराळ्या पायऱ्या मोडल्या आणि कायद्याची पदवी हाच वकिलीचा रस्ता ठरला. चुरस मग कॉलेजच्या दारात आली. महाराष्ट्रात आधी मार्कांवर प्रवेश होत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी 2008 मध्ये क्लॅट ही सामाईक प्रवेश परीक्षा आली आणि महाराष्ट्रात 2016 पासून सीईटी.

टिळकांच्या क्लासात कायदा शिकवत. आजचा क्लास कायदा शिकण्याच्या आधीचा आहे. तिथल्या प्रश्नाचा एक नमुना पाहा. नियम दिलेला असतो : परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत शिरणं म्हणजे अतिक्रमण. प्रसंग : चेंडू आणायला मुलगा कुंपणावरून उडी मारतो. मुलाची दया येते, पण दिलेल्या नियमाला धरून उत्तर 'अतिक्रमण' हेच. आपलं मत बाजूला ठेवायची ही सवय मला फार मोलाची वाटते.

मात्र या परीक्षेत एक ओळही लिहावी लागत नाही, सगळे पर्याय निवडायचे. वकिलाचा दिवस तर नोटीस, दावा, कैफियत लिहिण्यात जातो. शिवाय 1998 च्या अधिसूचनेनं आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. म्हणून पदवीच्या वर्षांत सराव चाचण्यांइतकाच वेळ लिखाणाला द्यावा असं मी कळकळीनं सांगेन. घरातलं जुनं खरेदीखत काढावं, सातबारा समोर ठेवावा. जमीन कुणाची, कुणाकडून आली, बोजा कुणाचा, हे पानभर स्वच्छ मराठीत लिहून काढावं आणि घरातल्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावं.