आकुर्डीच्या गाडीचा धूर

पिंपरी-चिंचवड म्हणजे बजाजची स्कूटर, ही ओळख १९८६ साली कावासाकी-बजाज केबी १०० आली तेव्हा बदलू लागली. ही मोटारसायकल टू-स्ट्रोक होती. पुढे २००० चे प्रदूषण-नियम आले, २००१ मध्ये चाकणच्या कारखान्यातून फोर-स्ट्रोक पल्सर निघाली आणि टू-स्ट्रोकचा जमाना मागे पडला.

आज शौकीन लोक केबी शोधत फिरतात. मीही एक बघायला गेलो. सोबत ओळखीचे मिस्त्रीचाचा होते. मालक किक मारणार, तेवढ्यात चाचांनी सिलिंडरला हात लावला.

“सर, इंजिन गरम आहे. आधीच चालवून ठेवलंय. थंड होऊ द्या.”

तासाभराने सहा किक लागल्या. थोडा निळसर धूर चालतो, कारण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबत ऑइल जळतंच. इथे मात्र दाट पांढरा धूर थांबेना, आणि गिअरबॉक्सचं ऑइलही कमी निघालं. म्हणजे क्रँकचं ऑइल सील गेलेलं. पूर्ण इंजिन खोलावं लागणार. पार्ट कुठून आणायचे? कुदळवाडीतली भंगाराची दुकानं फेब्रुवारी २०२५ मध्ये जमीनदोस्त झाली.

गाडी सोडून दिली. चाचा साठीचे आहेत. टू-स्ट्रोकची नाडी बघायला त्यांच्याकडे शिकणारा एकही पोरगा नाही.