सरोवर एक, नगरपालिका अनेक

अमेरिकेतील सिएटल शहराच्या पूर्वेला लेक वॉशिंग्टन हे लांबट सरोवर पसरले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या काठची उपनगरे झपाट्याने वाढली आणि मैलापाणी शुद्धीकरणाची दहाएक केंद्रे आपापले पाणी त्यात सोडू लागली. हे पाणी प्रक्रिया केलेले होते. त्यामुळे कुणा एका गावाकडे बोट दाखवता येत नव्हते, आणि खरी अडचण तीच होती. प्रक्रियेत मैला कुजून जातो, पण फॉस्फरस बराचसा पाण्यातच राहतो. शेवाळाला ते आयते खत.

१९५५ मध्ये सरोवरात ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हे तांबूस शेवाळ सापडले. वॉशिंग्टन विद्यापीठातील डब्ल्यू. टी. एडमंडसन यांना त्याचा अर्थ लगेच उमगला. स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवर बिघडू लागले, तेव्हाही हेच शेवाळ दिसले होते.

जेम्स एलिस या वकिलाने सर्व गावांसाठी एकच संस्था असावी, असा आग्रह धरला. १९५७ मध्ये राज्याने तसा कायदा केला. मात्र सिएटलमध्ये आणि सिएटलबाहेर असे स्वतंत्र बहुमत मिळणे आवश्यक होते. मैलापाणी, वाहतूक आणि नियोजन अशा तिन्ही गोष्टी हाती घेणारा प्रस्ताव मार्च १९५८ मध्ये मतदानाला आला. सिएटलने होकार दिला, बाहेरच्यांनी नकार. मोठे शहर आपल्याला गिळेल, ही धास्ती होतीच. मग वाहतूक आणि नियोजन गाळले, हद्द आवळली, उरले फक्त मैलापाणी. सप्टेंबरात दोन्हीकडे बहुमत मिळाले. मला या कथेत शास्त्रज्ञाच्या इशाऱ्याइतकीच ही माघार मोलाची वाटते. सगळेच एकदम मागण्याचा हट्ट धरला असता, तर सरोवर वाट पाहत बसले नसते.

१९६३ ते १९६८ या काळात मैलापाणी टप्प्याटप्प्याने वळवले गेले. १९६४ मध्ये पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी मीटरभर खोलीवरही दिसेनाशी होई. सत्तरच्या दशकात ती कित्येक मीटर खाली दिसू लागली. १९७६ पासून डॅफ्निया हे शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव वाढले आणि पाणी आणखी नितळ झाले.

मैलापाणी अर्थात नाहीसे झाले नव्हते. ते प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीकडे गेले होते, आणि तिथल्या वेस्ट पॉइंट केंद्रात दुसऱ्या टप्प्याच्या प्रक्रियेची सोय व्हायला १९९५ उजाडले. तोवर ‘मेट्रो’ ही संस्थाच उरली नव्हती. तिच्या परिषदेतील प्रतिनिधित्व समान मताधिकाराच्या तत्त्वाला धरून नाही, असा निर्णय न्यायालयाने १९९० मध्ये दिला होता. १९९४ मध्ये ती किंग काउंटीच्या प्रशासनात विलीन झाली.