कुस्तीची, नाटकाची, फुटबॉलची... कोल्हापुरात ‘तालीम’ म्हणजे नेमकं काय?

‘पाटाकडील तालीम अंतिम फेरीत’, ‘महापालिका निवडणूक म्हणजे विधानसभेची रंगीत तालीम’, ‘राज्य नाट्य स्पर्धेसाठी तालमींना वेग’. कोल्हापूरच्या पेपरात अशा तिन्ही बातम्या एकाच दिवशी दिसल्या तरी कुणाला नवल वाटत नाही. पहिली फुटबॉलची आहे, दुसरी राजकारणाची आणि तिसरी नाटकाची. ज्या गोष्टीमुळे हा शब्द महाराष्ट्रभर ओळखला जातो ती कुस्ती मात्र तिन्हींत कुठेच नाही. बाहेरगावचा माणूस इथंच गोंधळतो. दोन तालमींमध्ये राडा झाल्याची बातमी वाचून त्याला वाटतं पैलवान भिडले. बऱ्याचदा ते फुटबॉलचे समर्थक असतात.

आधी शब्द कुठून आला ते बघू. अनेकांना वाटतं की ‘ताल’वरून ‘तालीम’ झालं असावं, कारण दोन्हीत सराव आहे. पण ‘ताल’ संस्कृतातला आणि ‘तालीम’ अरबीतला, फारसीच्या वाटेनं मराठीत आलेला. अरबीत त्याचा अर्थ शिकवणं, शिक्षण. इलम, उलेमा आणि आपण सहज म्हणतो तो ‘मालूम’ हे सगळे त्याच धातूचे भाऊबंद. हिंदी-उर्दूत आजही तालीम म्हणजे शाळा-कॉलेजचं शिक्षण. त्यामुळे लखनौचा पाहुणा गंगावेशीतली पाटी वाचून आत शाळा भरते असं समजला, तर तो अगदीच चुकला असंही म्हणता येत नाही.

मराठीनं या शब्दाचं एक वेगळंच केलं. शिकण्याच्या क्रियेचं नाव तिनं शिकण्याच्या जागेला दिलं. मुलगा तालीम घेतो, तसा तो तालमीत जातोही. ही जागा म्हणजे बुटक्या दाराची, जाड भिंतींची खोली. मधोमध मातीचा हौदा, कोपऱ्यात मारुती. हौद्यातली लाल माती नुसती आणून टाकलेली नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळून ती मऊ ठेवतात. पहाटे जोर-बैठका, नंतर लढती, मग खुराक आणि झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. शिकवणारा तो वस्ताद. तालीम आणि आखाडा यांतला फरकही इथं कळतो. सराव तालमीत होतो, जाहीर कुस्ती आखाड्यात किंवा मैदानात.

कोल्हापुरात हे एवढं रुजलं याचं मोठं श्रेय राजर्षी शाहू महाराजांना जातं. 1894 ते 1922 या त्यांच्या कारकिर्दीत मल्लांना राजाश्रय मिळाला. 1902 च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि त्यावरून खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. 1912 मध्ये ते मैदान उभं राहिलं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींमध्ये पुढं लांबलांबची पोरं येऊन राहिली. 1959 साली पहिले हिंद केसरी झालेले श्रीपती खंचनाळे मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे, पण घडले कोल्हापुरात.

यानंतर शब्दानं आणखी एक उडी मारली, आणि ती खास कोल्हापूरची म्हणावी लागेल. खोलीचं नाव गल्लीला लागलं. ‘भावा, तालीम कुठली?’ हा इथला पत्ता विचारायचा प्रकार आहे. उत्तर देणाऱ्यानं आयुष्यात अंगाला माती लावलेली नसली तरी चालतं. तालीम मंडळ म्हणजे गल्लीचा गणपती, शिवजयंती, वर्गणी, महापुराच्या वेळी धावून येणारी पोरं, आणि निवडणुकीत उमेदवारानं आधी गाठायची जागा.

अरबी शब्दाचं मूळ धरून बसणाऱ्यांनी या तालमींचा मोहरमही बघावा. शहरातल्या कित्येक जुन्या तालमींमध्ये पीर-पंजे बसतात. बाबूजमाल, काळा इमाम ही नावंच पुरेशी बोलकी आहेत. 2018 ते 2020 अशी सलग तीन वर्षं मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा काही तालमींत एकाच छताखाली गणपती आणि पंजे बसले होते. बाहेरच्यांनी फोटो व्हायरल केले. गल्लीतल्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही, त्यांचे आजोबा-पणजोबाही हेच करत आले होते.

फुटबॉलचं कोडंही इथंच सुटतं. तालीम ही गल्लीची ओळख झाली म्हटल्यावर गल्लीच्या संघाला दुसरं नाव कशाला हवं? म्हणून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धांमध्ये पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालीम मंडळं उतरतात आणि शाहू स्टेडियम भरतं. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच फुटबॉलवेड्या शहरातला. पण काही तालमींमध्ये हौदा केव्हाच बंद पडला, तिथं व्यायामशाळा नाहीतर मंडळाचं ऑफिस आलं. पाटीवरचा शब्द तसाच राहिला. जुनी मंडळी यावर हळहळतात आणि ते बरोबरच आहे, कारण गणपतीपुढचा आवाज आणि मैदानावरची भांडणं एवढ्यावरच तालीम उरली तर शिकण्याचा भाग गेलाच.

आता नाटकाकडे. खासबाग मैदानाला लागूनच 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं, तेच आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. म्हणजे भिंतीच्या एका बाजूला तालमीत घडलेला पैलवान, दुसऱ्या बाजूला तालमी करून आलेला नट. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत जळालं आणि आगीची झळ मैदानाच्या बाजूलाही बसली. दुसऱ्या दिवशी तिथं रडणाऱ्यांत वयानं मोठे रंगकर्मी होते. त्यांच्या कित्येक रंगीत तालमी त्याच रंगमंचावर झाल्या होत्या.

‘रंगीत तालीम’ म्हणजे पूर्ण वेश घालून, चेहरा रंगवून, प्रयोगासारखीच केलेली शेवटची तालीम. आज हा शब्द संचलनापासून मॉक ड्रिलपर्यंत सगळीकडं चालतो. राजकारणात मात्र तो जरा सैल वापरला जातो. रंगीत तालमीत चूक झाली तर दुरुस्त करता येते. स्थानिक निवडणूक हरलेल्याला पाच वर्षं थांबावं लागतं, त्याला कुठली आलीय तालीम!

गाण्यातला अर्थ मूळ अरबीच्या सगळ्यात जवळचा. तिथं तालीम म्हणजे गुरूनं समोर बसवून दिलेलं शिक्षण. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते. त्यांचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांनी त्यांच्याकडून तालीम घेतली. गांधीजींची ‘नई तालीम’ही याच अर्थाची. 1937 च्या वर्धा परिषदेत मांडलेल्या या योजनेत मुलानं सूत कातत, शेती करत, हातानं काम करत शिकावं असा आग्रह होता.

मग वाक्यात अर्थ ओळखायचा कसा? शब्दाच्या शेपटीकडे बघा. ‘तालमीत जातो’ म्हटलं तर बहुतेकदा कुस्ती किंवा व्यायाम. ‘तालमी चालू आहेत’ असं अनेकवचन आलं तर नाटक. ‘तालीम घेतली’ म्हटलं की गाणं. ‘तालमीचा’ म्हटलं की गल्ली. आणि ‘अमक्याच्या तालमीत तयार झालेला’ असं असेल तर समोर बहुधा पुढारी आहे, वस्ताद मोठा आहे आणि चेला त्याचाच डाव त्याच्यावर टाकायच्या बेतात आहे.

या सगळ्या पसाऱ्यात एक जागा अजून रिकामी दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुली आता राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पातळीवर कुस्ती खेळतात. पण त्यांच्या सरावाच्या जागेला बहुधा ‘कुस्ती केंद्र’ किंवा ‘अकॅडमी’ म्हणतात, आणि तिथं मातीऐवजी मॅट असते. जुन्या तालमींचं दार मुलींसाठी नव्हतंच. ‘कुठल्या तालमीचा?’ हा प्रश्न शहरात रोज विचारला जातो. ‘कुठल्या तालमीची?’ हे मात्र क्वचितच कानावर पडतं.