रिकाम्या तासाचे भाडे

गिरणीत दळण नेले की पैसे किलोवर द्यावे लागतात. गिरणी रिकामी फिरली, तर तो तोटा गिरणीवाल्याचा. पण तासाच्या बोलीवर ट्रॅक्टर आणला आणि गडी अजून यायचाय म्हणून बांधावर नुसता उभा ठेवला, तर? ते भाडे आपल्याच अंगावर पडते. ज्याला आज सारे ‘क्लाउड’ म्हणतात, त्या दूरच्या संगणकांच्या कोठारातून यंत्र भाड्याने घेताना हाच प्रश्न येतो : रिकाम्या वेळेचे पैसे कोणी भरायचे? शाळांचे निकाल, पतसंस्थांचे हिशेब अशा यंत्रांवर जाऊ लागले आहेत. म्हणून या प्रश्नाची मागची हकीकत आपण पाहू.

१९६० च्या सुमारास संगणक म्हणजे खोलीभर यंत्र, आणि किंमत म्हणाल तर लाखो डॉलर. माणूस विचार करीत बसला की यंत्र खोळंबे. हे परवडावे कसे? १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना पाळीपाळीने, पण कोणाला जाणवणारही नाही इतक्या चपळाईने, देऊन दाखवला. एकाच्या विचाराचा वेळ दुसऱ्याच्या कामी आला. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी सांगून टाकले की, टेलिफोनप्रमाणे संगणकही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल. पुढे अशी सेवा विकणारे निघाले. ते जोडणीच्या वेळाचा, प्रत्यक्ष संगणक राबल्याचा आणि माहितीच्या साठ्याचा आकार वेगवेगळा लावीत.

त्याच दशकात आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात आणखी एक युक्ती निघाली. एका खऱ्या संगणकात अनेक भासमान संगणक उभे करायचे; प्रत्येकाला वाटावे, सबंध यंत्र माझेच! हेच व्हर्च्युअल मशीन. १९७२ साली आयबीएमने ते आपले अधिकृत उत्पादन म्हणून जाहीर केले.

ऑगस्ट २००६ मध्ये अमेझॉनने असली यंत्रे तासावर द्यायला काढली. दर तासाला दहा सेंट. स्वस्तच की! पण हा आकार यंत्र राबल्याचा नव्हे, यंत्र अडवून ठेवल्याचा. एकसष्ट मिनिटे झाली की दोन तास धरायचे. करा हिशेब : तीस दिवस अखंड चालू ठेवले तर ७२० तास, म्हणजे ७२ डॉलर. शाळेचे काम रोज चार तास, महिन्याला पंचवीस दिवस. ते भरते दहा डॉलरचे. उरलेले ६२ डॉलर झोपलेल्या यंत्राचे. गिरणीचा न्याय जाऊन ट्रॅक्टरचा आला तो इथे. माझ्या मते या धंद्याच्या इतिहासातला हा खरा पालट. पण गाजला तो मात्र दर.

२०१७ साली बऱ्याच यंत्रांना सेकंदावर आकारणी आली, निदान एक मिनिट धरून. त्याने पूर्णांकाचा जाच गेला, रिकामेपणाचा नाही. २००९ पासून दुसऱ्याही दोन बोली आहेत. एक म्हणजे खंडाने जमीन घ्यावी तशी : एक किंवा तीन वर्षांचे वचन द्या, दर उतरतो. दुसरी, उरलेसुरले यंत्र अगदी स्वस्तात. मात्र मालकाला गरज पडली की तो दोन मिनिटांची सूचना देऊन काढून घेतो. चित्रफितींचे रूपांतर त्यावर खुशाल करा. निकालाच्या दिवशी निकाल तेवढा त्यावर ठेवू नका.

जून २०१६ मध्ये अमेझॉनचे केंद्र मुंबईत आले. तरी मुंबईचा दर आणि अमेरिकेतला दर एकच असेल असे धरून चालू नये. शिवाय बिलात यंत्राच्या भाड्याखाली बारीक ओळी असतात. माहिती आत पाठवणे फुकट, बाहेर काढणे पैशाचे. फेब्रुवारी २०२४ पासून जुन्या पद्धतीच्या सार्वजनिक पत्त्यालाही तासाचा आकार आहे. आणि यंत्र थांबवले की त्याचा तास थांबतो, हे खरे. पण ज्या डिस्कवर तुमची माहिती आहे तिचे भाडे चालूच राहते. पुष्कळदा तर यंत्र कायमचे काढून टाकले तरी मागाहून जोडलेली डिस्क आपोआप जात नाही. तिची यादी वेगळ्या पानावर असते. तिथे जाऊन ती आपल्या हातानेच काढावी लागते.