न परतणारा पक्षी

हिवाळ्यातल्या पहाटे मिरकरवाडा बंदरात नौका परततात, तेव्हा त्यांच्या मागोमाग कुरव पक्ष्यांचे थवे येतात. रत्नदुर्गाच्या परिसरातले हे दृश्य पाहताना दूतपक्ष्यांचा विचार मनात येतो. पक्ष्याकडे निरोप सोपवण्याची कल्पना मराठी वाचकाला काव्यातून जितकी परिचित आहे, तितकी व्यवहारातून नाही.

वर्गात हंसदूताचा विषय निघाला की आपण रघुनाथ पंडितांच्या नलदमयंती आख्यानाकडे वळतो. कथेचे मूळ महाभारताच्या वनपर्वात आहे. तेथला हंस कोणी शिकवलेला नाही. नलाच्या हाती सापडल्यावर, जीवदान मिळाल्यास विदर्भात जाऊन दमयंतीपाशी नलाची थोरवी सांगेन, असे वचन तो देतो. म्हणजे निरोप हे येथे उपकाराचे ऋण आहे आणि दूत स्वतः बोलणारा, मन वळवणारा आहे.

इतिहासातले कबुतर नेमके याच्या उलट. त्याला निरोप कळत नाही आणि वाटही एकच कळते, ती आपल्या खुराड्याकडे परतण्याची. म्हणून त्याला आधी दूर न्यावे लागते, मग सोडावे लागते. ओडिशा पोलिसांनी १९४६ साली कोरापुटला सुरू केलेली कबुतरसेवा याच तत्त्वावर चालली. १९९९ च्या महाचक्रीवादळात इतर दळणवळण कोलमडले, तेव्हा ती कामी आली.

तिसरा पक्षी सर्वांत अबोल आहे. दीघनिकायातील केवट्टसुत्तात समुद्रावरचे व्यापारी ‘तीरदर्शी’ पक्षी सोबत नेतात. जमीन दिसेनाशी झाली की त्याला सोडतात. जमीन न आढळल्यास तो जहाजावर परततो. आढळल्यास तिकडेच जातो. त्याचे न परतणे हाच त्याचा निरोप.

काव्याने बोलणारा हंस निवडला, हे स्वाभाविकच. परंतु किनाऱ्यावरच्या माणसांचा अनुभव या तिसऱ्या पक्ष्याच्या अधिक जवळचा आहे, फक्त त्याचा अर्थ उलटा होतो. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळानंतर दापोली-मंडणगडकडचे फोन मुके झाले, तेव्हा दूरच्या नातेवाइकांना त्या शांततेतूनच काय ते वाचावे लागले. जहाजावरच्या तांडेलाला न परतणारा पक्षी म्हणजे जमिनीची खूण; घरी वाट पाहणाऱ्याला न परतणारी नौका म्हणजे काय, हे मिरकरवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हंसदूत शिकवताना या अबोल दूतालाही वर्गात जागा द्यायला हवी.