फुकटाचे शेत

जून २००९ मध्ये फेसबुकवर 'फार्मव्हिल' नावाचा खेळ अवतरला. नांगरावे, पेरावे, कापावे आणि विकावे, एवढाच त्याचा पसारा. खेळण्यास दमडीही लागत नसे. काही आठवड्यांतच रोज खेळणाऱ्यांची संख्या एक कोटीवर गेली आणि २०१० च्या आरंभी दरमहा खेळणारे आठ कोटींच्या घरात पोचले. कल्पना नवी नव्हती. चीनमध्ये २००८ सालीच 'हॅपी फार्म' आला होता व त्यात शेजाऱ्याची भाजी चोरण्याचीही मुभा असे. नवलाचा होता तो 'फार्मव्हिल'चा व्यवहार.

या खेळाची मालक सॅन फ्रान्सिस्कोची झिंगा कंपनी. मार्क पिंकस यांनी २००७ मध्ये ती स्थापिली आणि आपल्या पाळीव कुत्र्याच्या नावावरून तिचे नाव ठेविले. मोफत खेळावर पेढी चालावी कशी? स्ट्रॉबेरी चार तासांत पिके आणि वेळेवर न तोडल्यास वाळून जाई. म्हणजे खेळाडूने परत यावे ही सक्ती पिकाच्या स्वभावातच मुरविलेली. शेत वाढवायचे तर शेजारी जमवावेत, नाहीतर खरे पैसे मोजून खेळातल्या नोटा घ्याव्यात. पैसे देणारे शेकड्यात मोजकेच असत. उरलेले आप्तेष्टांस आमंत्रणे धाडून कंपनीची दवंडी विनामूल्य पिटत. आमच्या मते खरी मेख येथेच होती.

मात्र झिंगाचे हे शेत दुसऱ्याच्या जमिनीवर उभे होते. २०१० मध्ये फेसबुकने खेळांच्या सूचनांस आळा घातला. पुढे खेळातील खरेदी फेसबुकच्याच चलनात होऊ लागली व शेकडा तीस हिस्सा त्या कंपनीकडे जाऊ लागला. महसुली भाषेत सांगायचे तर झिंगा कूळ आणि फेसबुक जमीनदार. तथापि जमीनदारही कुळाच्या जिवावर पोसला जात होता. २०११ मध्ये फेसबुकच्या उत्पन्नातील सुमारे बारा टक्के वाटा झिंगामुळे आलेला होता. त्याच वर्षी डिसेंबरात झिंगाने दहा डॉलर दराने समभाग विकून शंभर कोटी डॉलर उभारले. वर्ष उलटण्यापूर्वीच तो भाव तीन डॉलरांखाली आला, कारण लोक मोबाइलकडे वळले होते आणि आमंत्रणांस विटलेही होते.

इयान बोगोस्ट या अमेरिकन प्राध्यापकांनी २०१० मध्ये या प्रकाराची टवाळी करणारा एक खेळ काढला. त्यात सहा तासांनी एकदा गाईवर टिचकी मारावयाची, बस्स. विनोद न ओळखता हजारोंनी तो मनापासून खेळला. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी गाई नाहीशा केल्या, तेव्हा काही मंडळी रिकाम्या जागेवरही टिचकी मारीत राहिली!

'फार्मव्हिल' ज्या फ्लॅश तंत्रावर चाले, तेच २०२० अखेर मोडीत निघाले. (झिंगा मात्र तगली; टेक-टू कंपनीने २०२२ मध्ये ती सुमारे १,२७० कोटी डॉलरना घेतली.) जुन्या मराठी घराण्यांत इनामाच्या सनदा अद्याप पेटीत जपलेल्या असतात. येथे अकरा वर्षे कसलेल्या शेताचा कसलाही कागद कोणापाशी नव्हता. १७ नोव्हेंबर २०२० नंतर खरेदी बंद होईल, हाती उरलेल्या नोटा ३१ डिसेंबरपूर्वी खर्चाव्यात आणि परतावा मिळणार नाही, असे कंपनीने खेळाडूंस कळविले होते.